चाफा, चंदन, वाळा

कृष्णा परब जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्याच्या बायकोच्या अंगाला वास येतो अशी कुजबुज फुलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्यात सुरू झाली होती. वास चांगला होता, आणि तीच बायकांची तक्रार होती.

जयवंती वालीवला एका गाळ्यात कामाला जायची. मोठ्या डब्यांतून आलेलं अत्तर बारक्या बाटल्यांत भरायचं, बूच लावायचं, लेबल चिकटवायचं. नवरा गेल्यावर घर चालवायला कोणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं. सुरुवातीला त्या वासांनी तिचं डोकं ठणकायचं, घरी आल्यावर अन्न नको व्हायचं. मग हळूहळू नाकाला सवय झाली आणि एकेक वास वेगळा कळायला लागला.

तिच्या शेजारी बसायची हिल्डा. ही गिरीज गावची, घरची नारळ-फुलांची वाडी असलेली. एका सकाळी ती रुमालात सोनचाफ्याची फुलं बांधून घेऊन आली. जयवंतीच्या मनगटावर मघाशी चंदनाचा थेंब सांडला होता. त्यावरच जयवंतीने गंमत म्हणून एक पाकळी चुरडली, हात नाकाशी नेला आणि समोरचा अत्तराचा डबा न उघडता तशीच बसून राहिली.

"काय गं, झोप लागली काय?" हिल्डाने विचारलं.

"वास घे."

हिल्डाने घेतला. "हे आपल्या शेठकडे पण नाही."

त्या दिवसापासून जयवंतीला नादच लागला. डब्याच्या तळाशी उरलेलं अत्तर शेठ कामाच्या बायकांनाच वाटून टाकायचा. ते ती घरी आणायची. हिल्डाच्या वाडीतल्या खोबरेल तेलात चाफ्याच्या पाकळ्या मुरवून बघितल्या. केवडा लावून बघितला, डोकं चढलं. हिना लावली, तर स्वतःलाच कोणा दुसरीच्या घरात बसल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी जमलं ते असं: आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच मानेला आणि मनगटांना चाफ्याचं तेल, ते जिरलं की वर चंदन, आणि अगदी शेवटी कानामागे वाळ्याचा टिपका. क्रम चुकला की वाळा बाकीच्यांना गिळून टाकायचा. बरोबर बसला की दुपारपर्यंत एक वास, संध्याकाळी दुसराच, आणि दोन्ही तिचे. दुसऱ्या कोणाच्या अंगाला तो वास येत नव्हता.

सासूला, पुतळाबाईंना, तो पहिल्याच दिवशी कळला. पुतळाबाई मालवणकडच्या. विशीत कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून त्यांनी केसांना साध्या खोबरेलाशिवाय काही लावलं नव्हतं.

"घोव गेलेल्या बायलेक वास कित्याक व्हयो गो? कोणासाठी लावतंस?"

"माझ्यासाठी."

"माझ्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासाठी, आई. नाक माझं, अंग माझं."

पुतळाबाईंनी जयवंती कामाला जाईपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनी तिन्ही बाटल्या उचलल्या आणि मोरीत ओतल्या. संध्याकाळी जयवंती जिना चढत होती तेव्हा पहिल्या मजल्यापासून चंदन घमघमत होतं. खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले, तुमच्याकडे पूजा आहे का म्हणून. जयवंती रडली नाही की भांडली नाही. रविवारी गिरीजला जाऊन तिने हिल्डाकडून फुलं आणली, सासूच्या समोर बसून तेलात घातली आणि बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"पुन्हा ओता," ती म्हणाली. "मी पुन्हा करीन."

हिल्डाला सगळं सांगितलं तेव्हा तिने हातातली बाटली खाली ठेवली. "तुमच्यात नवरा गेला की बाईचं नाक पण जातं काय?"

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात संपदा राऊत वर आल्या. बिल्डिंगच्या चेअरमनची बायको. दरवर्षी हळदीकुंकू त्यांच्याकडेच. जयवंतीला वाटलं, बोलवायला आल्या.

"जयवंती वहिनी, तुमच्याकडे वालीवला अत्तर चांगलं मिळतं ना? शुक्रवारी हळदीकुंकू आहे. तुम्ही लावता ना, तसलंच आणा. बायका विचारतात हो, परब वहिनी काय लावतात म्हणून."

"आणते. मी किती वाजता यायचं?"

संपदाताईंनी पदर सारखा केला. "तुम्ही असं करा, बाटली चारच्या आधी आणून द्या. नंतर बायका जमतात. मला काही नाही हो, पण सवाष्णींचं असतं ना."

दार लागलं. पुतळाबाई आतून सगळं ऐकत होत्या. जयवंती ओट्याशी उभी राहिली. नवरा गेल्यावर पहिल्या संक्रांतीला आपणहून घरात बसली होती. दुसऱ्या संक्रांतीला बसवली गेली होती. या वर्षी तिचा वास खाली बोलावला होता, आणि ती वरच राहणार होती.

शुक्रवारी तिने चार वाजू दिले. पाच वाजता पोपटी साडी नेसली, चाफा लावला, चंदन लावलं, वाळा लावला, बाटल्या पिशवीत घेतल्या आणि खाली उतरली. राऊतांच्या हॉलमध्ये बायका दाटीवाटीने बसल्या होत्या.

"आणलंत का? द्या," संपदाताई दाराशीच आडव्या आल्या.

"हे एका बाटलीचं काम नाही, संपदाताई. आधी तेल, मग चंदन, मग वाळा. प्रत्येकीच्या अंगावर वेगळं बसतं, हात बघून लावावं लागतं. मी लावते सगळ्यांना."

"अहो, असं कसं? शुभकार्य आहे. तुम्ही बाटल्या ठेवा ना इथे, आम्ही लावू."

"अत्तर चालतं आणि अत्तरवाली चालत नाही?"

आतून कोणीतरी घसा खाकरला. संपदाताईंचा चेहरा लाल झाला. "उगाच तमाशा करू नका, वहिनी. रीत मी नाही काढली."

"मग मोडायला तुमची परवानगी पण नको," जयवंती म्हणाली. "माझा वास माझ्याबरोबर येतो आणि माझ्याबरोबर जातो. चालले मी. ज्यांना हवा त्यांनी वर या. दार उघडं आहे."

ती वळली आणि पिशवीसकट जिना चढून आली. घरात शिरल्यावर तिने पिशवी ओट्यावर ठेवली. ती खुर्चीत बसली.

"काय झाला?" पुतळाबाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. म्हातारी ऐकत गेली तशी तिची मान ताठ होत गेली.

"माझ्या सुनेक दारातसून घालवल्यान?" त्या उठल्या, दार सताड उघडलं आणि त्याला दगडी खलबत्ता लावून ठेवला. मग उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या. जिन्यातून जाणाऱ्या एकेकीकडे त्या अशा बघत होत्या की मान खाली गेल्याशिवाय राहत नव्हती.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरची रीमा आली, नव्या लग्नाची, हातात वाणाची वाटी तशीच.

"काकू, मला लावाल?"

"सासूला चालेल?"

"त्या खालीच बसल्यात. वास आल्यावर कळेलच त्यांना," रीमा हसली आणि हात पुढे केला. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. एक जण पहिल्या मजल्यापर्यंत चढली आणि परत फिरली.

पुढे वर्षभर संपदाताई जयवंतीशी बोलल्या नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्येही तिच्याकडे पाठ करून बसायच्या. जयवंती रोज आंघोळ करून तिन्ही वास लावायची आणि त्यांच्याच दारावरून वालीवला जायची. पुढच्या संक्रांतीला तिने स्वतःच घराघरांत जाऊन बोलावणं केलं. सवाष्ण, विधवा, बिनलग्नाची, सगळ्यांना. संपदाताईंनाही केलं. त्या आल्या नाहीत. हिल्डा आली, गिरीजहून फुलांची परडी घेऊन. जेवढ्या यायला हव्या होत्या तेवढ्या बायका आल्या नाहीत, पण घर भरलं.

सगळ्यांचे हात झाल्यावर जयवंती बाटल्यांची बुचं लावायला लागली, तेव्हा कोपऱ्यातून पुतळाबाईंनी हात पुढे केला. सुरकुतलेला, बांगडी नसलेला.

जयवंतीने चाफ्याचं तेल उचललं.

"तां तुझा," पुतळाबाई म्हणाल्या. "मोगरो आसा काय गो?"