पाय असेपर्यंत पाटी

“कसलं पाणी?” वत्सलाने विचारलं.

“सलाईनचं, काकी. मिठाचं पाणी,” स्नेहल म्हणाली आणि टेबलावरचा कागद उगाचच सरळ करत राहिली.

वत्सला हसली. पोरगी थट्टा करते आहे असंच तिला वाटलं. वर्षभरात दोघींचं चांगलं जमलं होतं. स्नेहल सफाळ्याची. बोईसरच्या या हाडांच्या इस्पितळात नव्या इंजेक्शनच्या पेशंटांना फोन करणं, तारखा देणं, चालवून बघणं हे तिचं काम. टेबलावर वत्सलाने आणलेली पिशवी होती. आत केळीच्या पानात गुंडाळलेली पापलेटची जोडी. तिच्या गावी, दांडीच्या किनाऱ्याला, अशी जोडी आता नशिबानेच दिसते. कारखान्यांनी आपली घाण समुद्राला पाजली आणि मासळी पार लांब पळाली. तरी आज पहाटे तिने ही जोडी कोणाला हात लावू दिली नव्हती.

“थट्टा पुरे गो. डॉक्टरना बोलव. आज शेवटची तारीख ना? त्यांच्यासाठी आणलीय जोडी.”

“थट्टा नाही करत, काकी. तुमच्या गुडघ्यात औषध नव्हतंच.”

वत्सलाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. आवरायचं तिला सुचलंच नाही.

“नव्हतं म्हंजे? सुई तर टोचली. तूच हात धरलावतास माझा.”

“सुई टोचली. पण सुईत पाणी होतं. हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. आता वरून कोणाला काय दिलं त्याची यादी आली.”

वत्सला आपल्या गुडघ्याकडे बघू लागली. जणू तो गुडघा काही बोलेल.

हाच गुडघा. वर्षापूर्वी तो असा सुजायचा की लुगड्यातून कलिंगड दिसावं. त्याआधी सगळं आयुष्य तिने डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन बोईसरच्या कॉलन्यांचे जिने चढण्यात घातलं होतं. मग गुडघा अडला आणि ती बाजारात पाटावर बसली. दांडीच्या बायांचा जुना कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण कोणी मोडत नाही: पाय असेपर्यंत पाटी, पाय गेल्यावर पाट. बाजारात पाट मोजके. धडधाकट बाईने पाट अडवून बसायचं नाही, दारोदार फिरायचं. आणि उठणारीने आपल्या हाताने नवीचा पाट मांडायचा, पहिली मासळी तिच्यापुढे ठेवायची. मांडलेला पाट परत मागायचा नाही.

पाटावर बसून वत्सला मासळीवर कोयता चालवत होती, पण खूश नव्हती. बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक येईल तेव्हा येतं. घरात दमेकरी नवरा आत्माराम, त्याचं औषधपाणी. आणि खरं सांगायचं तर तिला फिरायची सवय होती. चार घरच्या चार गोष्टी ऐकल्याशिवाय तिला जेवण पचत नसे.

तेवढ्यात इस्पितळाचं शिबिर लागलं. गुडघ्याची झिजलेली गादी पुन्हा भरणारं इंजेक्शन. एक प्रकारची जेली म्हणे. गुडघ्यात सोडायची, मग तिच्या आधाराने कूर्चा नव्याने धरते. आधी मेंढ्यांच्या गुडघ्यात घालून पाहिलं, मेंढ्यांना छान धरली. मेंढीला डोक्यावर पाटी घेऊन जिने चढावे लागत नाहीत, हे कोणी बोललं नाही. मेंढ्यांनंतर माणसं लागतात. माणसं बाकड्यांवर तयारच बसलेली होती.

“सही घेताना सांगितलं होतं, काकी,” स्नेहल हळू आवाजात म्हणाली. “निम्म्यांना औषध, निम्म्यांना पाणी. चिठ्ठ्या टाकल्यासारखं.”

सांगितलं होतं. वत्सलाला स्वच्छ आठवलं. तेव्हा तिने बाकड्यावर नजर फिरवली होती आणि मनातल्या मनात पाणी वाटून टाकलं होतं. त्या पालघरच्या जाड बाईला पाणी. त्या कुरकुऱ्या मास्तरला पाणी. आपल्या वाट्याला पाणी येईल हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. उभ्या आयुष्यात नशिबाने एकदा झुकतं माप दिलं नसेल, तरी अशा वेळी माणूस स्वतःला औषधाच्याच बाजूला बसवतो. बाकड्यावरचे सगळेच तसे बसले होते.

“मंग मी चालले कशावर?” तिने विचारलं. “वरीस झालं, रोज तीन तीन माळे चढते मी. आज तुमचा जिना चढून आले, लिफ्टला लाईन होती म्हणून. ते काय माझं भूत चढलं?”

स्नेहल उठली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर सुजित तरुण होता. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर वत्सलाला बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाली असती. त्याने भिंतीवरच्या दिव्यावर तिच्या गुडघ्याचे दोन एक्स-रे फोटो लावले, वर्षापूर्वीचा आणि परवाचा.

“काकी, असं होतं. सुई टोचली, कोणी लक्ष दिलं, तपासलं, की माणसाला विश्वास वाटतो. दुखणं खरोखर कमी होतं. यात तुमची काही चूक नाही.”

“चूक मी इचारलीच नाय. औषधवाल्यांचं काय झालं ते सांगा.”

डॉक्टरने स्नेहलकडे पाहिलं. “त्यांनाही तेवढाच आराम पडला. पाणीवाल्यांइतकाच. म्हणून कंपनीने हे औषध थांबवलं.”

“म्हंजे आमच्या पाण्याने तुमचं औषध बुडवलं.”

स्नेहलच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते हातावर झेललं. वत्सला हसली नाही.

“आणि हे फोटो?”

डॉक्टरने बोट ठेवलं. “इथे थोडी गादी शिल्लक होती. आता नाही. हाडावर हाड आलंय. तुम्ही वर्षभर ओझं घेऊन जिने चढलात. दुखत नव्हतं म्हणून तुम्हाला कळलं नाही.”

वत्सलाने हात गुडघ्यावर ठेवला. आपल्याला बरं वाटत होतं आणि आत आपलंच हाड घासून जात होतं. रोज. ती जिना चढताना गात होती आणि आत हे चाललं होतं. आत्माराम थट्टा करायचा, “आता तू पळाय लागली, मी मेलो तर परत यायला सवड असंल ना?” तेव्हाही हेच चाललं होतं.

“सांध्याचं ऑपरेशन हाच आता उपाय,” डॉक्टर म्हणाला. “योजनेतून बघता येईल. पण त्यानंतर ओझं नाही, उकिडवं बसणं नाही.”

“म्हंजे पाटी नाय आणि पाटबी नाय.”

“कसला पाट?”

तिने सांगितलं नाही. ती पुढे वाकली.

“डॉक्टर, एक काम करा. मना तेच पाणी परत घाला.”

“काकी...”

“आवो, महाग तर नसंल. मीठ आणि पाणी. आमच्या दारात समुद्रभर हाय. मी घेऊन येते, तुमी टोचा.”

“आता नाही चालणार.”

“का नाय चालणार? वरीसभर चाललं ना.”

“आता तुम्हाला कळलंय, काकी.”

वत्सला त्याच्याकडे बघत राहिली. “मंग सांगितलं कशाला?”

“नियम आहे. औषधाचा अभ्यास संपला की सांगावं लागतं.”

“अभ्यास चालू होता तवा नाय सांगायचा नियम. संपला तवा सांगायचा नियम. आणि माझा गुडघा कुठल्या नियमात बसतो?” तिचा आवाज चढला नव्हता. म्हावऱ्याचा भाव करताना असतो तसाच होता. “तुमाला काय पायजे होतं ते तुमाला मिळालं. पाण्याने बाई चालते का, ते बघायचं होतं. बघितलं. आता जा म्हणता.”

डॉक्टरच्या बाजूनेही कागद होते, सह्या होत्या, सगळं कायदेशीर होतं. गरिबाचं जे जे नुकसान होतं ते बहुतेक कायदेशीरच असतं.

वत्सला उठली. उठताना कळ आली. ती कळ ओळखीची होती, वर्षभर कुठे गेली होती कोण जाणे, पण पत्ता विसरली नव्हती. वत्सलाने टेबलावरची पिशवी उचलली.

“ही मी औषध देणाऱ्या डॉक्टरला आणलीवती,” ती म्हणाली.

जो जिना ती सकाळी चढून आली होती, त्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली. पाय पुढे टाकवेना. गुडघा तोच, पायऱ्या त्याच. मधे फक्त एक वाक्य आलं होतं. तिने कठडा धरला. स्नेहल मागून धावत आली, “काकी, लिफ्टने जा,” म्हणाली. वत्सला मान हलवून एकेक पाय खाली ठेवत उतरली. स्नेहल वरून बघत होती. तिच्या हातात वत्सलाला चालवून बघायचा कागद होता, त्यावर आज काही लिहायचं नव्हतं.

बाजारात तिची पाटी ठेवलेली होती, मेघालीच्या पाटाशेजारी, बर्फ घालून, वर ओलं गोणपाट.

मेघालीच्या वयाच्या बायका अजून फिरतात. पण बोटीवरून मासळी उतरवताना तिच्या पायावर ओढयंत्राचा लोखंडी दोर पडला आणि पाऊल कायमचं वाकडं झालं. घरी लहान पोरं. गेल्या वर्षी इंजेक्शनला महिना होत आला होता, वत्सलाचा गुडघा हलका झाला होता, आणि ती भर बाजारात उठून म्हणाली होती, “ये गो, बस. माझे पाय परत आलेत.” स्वतःच्या हाताने तिने पाट मांडला, पुढे पापलेट ठेवलं. बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवसाइतका मान वत्सलाला लग्नातही मिळाला नव्हता.

आता मेघालीने तिला लांबूनच येताना पाहिलं. दांडीच्या बाईला चाल वाचायला शिकवावं लागत नाही. मेघालीचा कोयता थांबला.

“बाय, पाय परत धरला?”

“नाय गो. जिने जास्त झाले.”

“खोटं बोलतेस.” मेघालीने समोरचं म्हावरं बाजूला केलं, कोयता पुसला आणि हात टेकून उठायला लागली. वाकडं पाऊल तिला नीट साथ देईना. “बस तू. तुझाच हाय पाट. आमी बघू काय ते.”

आजूबाजूच्या बायांनी कोयते थांबवले. कोणी ‘बस’ म्हणालं नाही, कोणी ‘बसू नको’ म्हणालं नाही. कायदा सगळ्यांना ठाऊक होता, आणि दोन्ही बायांचे पायही दिसत होते.

वत्सला पाटाकडे बघत उभी राहिली. लाकूड तिच्याच बसण्याने मधे खोलगट झालेलं होतं. गुडघा आतून ओरडत होता, बस, बस. तिने पिशवी उघडली, पानातली पापलेटची जोडी काढली आणि मेघालीच्या पुढ्यात ठेवली.

“बस खाली,” ती म्हणाली. “मांडलेला पाट कोणी उचलतो काय?”

“अगो पण तुझा पाय...”

“माझा पाय मना म्हाईत. तू हात लाव.”

भरलेली पाटी कोणी बाई एकटीने डोक्यावर घेत नाही. दुसरीने हात लावायचा असतो. मेघाली उभी राहिली, एका पायावर भार देऊन, आणि दोघींनी मिळून पाटी उचलली. चुंबळीवर पाटी बसली तशी वत्सलाची मान ताठ झाली. मेघाली काही बोलणार होती. वत्सलाने तिला बोलू दिलं नाही.

“पापलेट पडून ऱ्हाऊ देऊ नको. दुपारपर्यंत विकून टाक.”

कॉलनीपर्यंतचा रस्ता ती भिंतीच्या कडेने चालली. ओळखीच्या इमारतीपाशी आली. याच इमारतीच्या तिसऱ्या माळ्यावर ती रोज दार वाजवायची, आणि आतली बाई म्हणायची, “काकी, तुम्ही म्हणजे घड्याळ.”

वत्सला जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. पहिली पायरी चढायला पाय उचलला, आणि खाली ठेवला. मग मागे सरून अंगणात आली, मान वर केली.

“म्हावरं...”

वर कडी निघाली. नेहमीच्या सवयीने दार उघडलं गेलं. दारात कोणी नव्हतं. मग तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावरून एक चेहरा खाली वाकला आणि हाक कुठून आली ते शोधू लागला.