कराचीचे सोयरे

पाकिस्तानातून पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायकांना त्या दिवशी नेमके जिने झाडायचे सुचले. त्यांना काय बघायचं होतं देव जाणे. रिक्षातून उतरला तो लेंगा-सदरा आणि काळी टोपी घातलेला एक हडकुळा म्हातारा, आणि त्याच्यामागून साडीचा पदर सावरत एक मुलगी. म्हाताऱ्याने वर बघून हाक मारली, "दादा, माका वळाखलंस मां रे?" जिन्यातले झाडू जागच्या जागी थांबले. खुद्द माझ्या सासऱ्यांची मालवणी मुंबईत राहून झिजून गेलेली. ह्या माणसाची मात्र काल गावाहून निघाल्यासारखी ताजी होती.

हे लवूकाका, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, दशरथ घाडीगावकरांचे धाकटे भाऊ. फाळणीआधी मामाबरोबर कराचीच्या बंदरात कामाला गेले. सत्तेचाळीस साली आपली माणसं बोटी भरभरून परत येत होती तेव्हा मामा अंथरुणाला खिळलेला, म्हणून हे "पुढच्या बोटीने येतो" म्हणाले आणि तिथेच राहिले. तिथे अजून मराठी घरं आहेत, गणपती बसतात, आरत्या होतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी नलिनी, चांगली बी.ए. झालेली बाई, आणि मला पत्ताच नाही. राग माझा मलाच आला.

शहाऐंशीचा फेब्रुवारी होता तो. ते आले होते जानकीसाठी, त्यांच्या धाकट्या मुलीसाठी. तिकडे आपल्यातलं स्थळ मिळेना. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये भाऊ पेडणेकर राहतात. विधुर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा नंदकुमार एका कंपनीत ड्राफ्ट्समन. त्याने जानकीला पहिल्या संध्याकाळी पाहिलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मुलीलाही मुलगा पसंत. व्हिसा महिनाभराचा, तोही फक्त मुंबईचा. गावी जाऊन देवीपुढे नारळ ठेवायचीसुद्धा सोय नव्हती. तेवढ्या दिवसांत सुपारी फोडायची, लग्न उरकायचं आणि मुलीला इथे ठेवून लवूकाकांनी परत जायचं. तिच्या नागरिकत्वाचं पुढचं पुढे. आता ह्यात फिसकटण्यासारखं काय होतं सांगा? लवूकाकांनी तेवढे दिवस तोंड आवरायचं होतं, बस्स.

तेच त्यांना जमेना.

संध्याकाळी भाऊ चहाला यायचे आणि खुर्चीवर टेकायच्या आत सुरू करायचे. "तुमच्याकडे काय हो, लष्कराचं राज्य. आमच्याकडे बघा, लोक मत देतात आणि सरकार पाडतात."

"खरा आसा," लवूकाका मान डोलवायचे. "मार्शल लॉ आत्ता खंय उठलो. माणसांका चाबकान मारतत ता मी डोळ्यांनी बघलंय. पण भाऊनु, तुमचो फोन खंय आसा?"

भाऊंच्या घरी फोन नव्हता. नंबर लावून नऊ वर्षं झाली होती.

"येईल फोन! उशिरा येईल, पण आम्ही केलेला येईल. तुमचं म्हणजे अमेरिकेने दिलं तर विमान आणि जपानने दिली तर मोटार."

"पण रस्त्यार धावता ना मोटार?"

मग माझे सासरे भाऊंच्या मदतीला धावायचे. "लवू, आमचा माणूस अंतराळात जाऊन आला, माहीत आहे?"

"मगे तेका सांग, परत जाशीत तर येताना गॅसचो सिलिंडर घेऊन ये. सूनबाय कधीपासून वाट बघता."

मला हसू फुटलं, कारण माझा सिलिंडर खरंच संपला होता आणि मी स्टोव्हला पंप मारत बसले होते. कराचीत म्हणे गॅस नळाने घरोघर येतो. मला ती थाप वाटली. जानकीला विचारलं तर ती म्हणाली, "हो वहिनी, गॅस येतो. पाणी येत नाही." माझ्याशी ती फार जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलायची.

लवूकाकांचं हे असं होतं. तिकडचं वाईट असलं तर वाईट म्हणून मोकळे व्हायचे, आणि चांगलं असलं तर तेही गिळायचे नाहीत. भाऊंना तेच पचत नसे. आपल्याकडचं एक उणं कबूल केलं तर आकाश कोसळेल अशी त्यांची समजूत. त्यात ते मुलाचे बाप. मुलाच्या बापाशी एवढा वाद कोणी घालतं का? एकदा मी लवूकाकांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सरळ म्हटलं, "काका, मुलीचं लग्न व्हायचंय ना? मग जरा गप्प बसा की. हो म्हणायला काय जातं तुमचं?"

ते पाटावर बसून माझ्यासाठी लसूण सोलत होते. म्हणाले, "अगो, भावाच्या घरात तरी बोलूक देशीत की नाय? थंय तोंड बंद. हंय पण बंद?"

मी म्हटलं, लग्नापुरतं बंद. ते हसले, आणि संध्याकाळी पुन्हा सुरू.

शेवटी व्हायचं तेच झालं. त्या दिवशी भाऊ जरा जास्तच तापले होते. म्हणाले, "तिकडे तुम्हा हिंदूंची मतं वेगळी, मतपेट्या वेगळ्या. दुय्यम नागरिक तुम्ही. काय तोंडाने बाजू घेता हो त्या देशाची?"

लवूकाकांनी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि माझो भाव? तेका तर तुमच्यासारखाच मत होता. गिरण गेली तेव्हा कोण इलो? म्हातारपणी गोडावनची राखण करता तो."

माझ्या सासऱ्यांनी मान खाली घातली. ब्याऐंशीच्या संपात त्यांची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून आमच्या घरात गिरणीचं नाव कोणी काढत नाही. भाऊंनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. "देशाचा अपमान ऐकायला मी ह्या घरात येत नाही," म्हणाले आणि गेले.

मग ते फिरकलेच नाहीत. नंदकुमार कामावर जाताना खालून आमच्या गॅलरीकडे बघायचा आणि बापाच्या धाकाने पुन्हा मान वळवायचा. जानकी ताटावर नुसती बसायची. व्हिसाचे दिवस चालले होते. माझ्या सासऱ्यांना भावाचा राग आला नव्हता, मुलीची काळजी लागली होती. "नलिनी, तू जा. तुझं ऐकतील," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी भाऊंकडे गेले. एकट्या पुरुषांचं घर, दोरीवर कपडे, कोपऱ्यात रेडिओ. भाऊ वाईट माणूस नव्हेत. माझ्या बाळंतपणात रात्री टॅक्सी आणायला धावले होते तेच. म्हणाले, "मुलगी गुणी आहे, ते का मला दिसत नाही? पण उद्या लढाई लागली तर लोक मला विचारतील, भाऊ, तुमचे व्याही कुठल्या बाजूचे? मला काही उत्तर नको? चार माणसांत त्यांनी एकदा म्हणावं, तिकडे राहिलो ती चूक झाली, त्या देशाशी आपलं काही नाही. मी रविवारी सुपारी घेऊन येतो."

मला वाटलं, झालं, वाट लागली. हा माणूस मोडेल पण हे म्हणायचा नाही. चिडतील, ओरडतील, उद्याच्या गाडीने परत निघतील. घाबरत घाबरत मी त्यांना भाऊंची अट सांगितली.

लवूकाका चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बसान म्हणूचा, की उभो रवान?"

"उभं कशाला राहायचं, काका? घरच्या घरी आहे सगळं," मी हसून म्हटलं. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. मला वाटलं, शेवटी बापाचं काळीज. मुलीसाठी माणूस नमतं घेतोच.

रविवारी सकाळी मी पाट मांडले, समया घासल्या, पेढ्यांचा बॉक्स ताटात उघडून ठेवला. भाऊ आणि नंदकुमार आले, बरोबर सोसायटीतले दोन गृहस्थ. जानकी अबोली रंगाच्या साडीत माझ्यामागे दाराशी उभी होती. भाऊ खुशीत होते. सुपारीला हात लावायच्या आधी म्हणाले, "लवूराव, राग मानू नका हं. तेवढं एक बोलून टाका, की लागलो आपण कामाला."

लवूकाका उठले. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, मागे सरकत सरकत भिंतीपाशी गेले आणि पाठ टेकणार नाही एवढं अंतर ठेवून उभे राहिले. दोन्ही हात जोडले. नजर जमिनीकडे. आणि बोलायला लागले तर मालवणीचा मागमूस नाही. सपाट, न थांबता, एका पट्टीत.

"मी लवू सखाराम घाडीगावकर, राहणार कराची. कोणाच्या दबावाखाली न येता सांगतो. त्या देशाशी माझा काहीही संबंध नाही. तिथे माझा कोणी भाऊ नाही. तिथे कोणी भाऊ असल्याचं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी त्याला पत्र लिहीत नाही. मी काही बोललो असेन तर ते अज्ञानाने बोललो. माझी बायको आणि मुलंही हेच सांगतील. माझ्यावर मेहेरबानी करावी."

बोलणं संपलं तरी ते हात जोडून तसेच उभे. जणू कोणी 'जा' म्हणायची वाट बघत होते.

"झकास!" भाऊ म्हणाले. "याला म्हणतात मोकळं मन. घ्या, सुपारी घ्या." ते दोन गृहस्थही माना डोलवायला लागले. नंदकुमार मात्र बापाकडे एकदा आणि लवूकाकांकडे एकदा बघत राहिला.

भाऊ? तिकडे कराचीत कुठला भाऊ? तिथे त्यांची बायको होती, दोन मुलगे होते. भाऊ तर इथे होता, मुलुंडमध्ये, माझ्या शेजारी पाटावर बसलेला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मग ते उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी लवूकाकांचे जोडलेले हात धरून सोडवले. संपात रडले नव्हते ते सासरे तेव्हा रडत होते. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून मालवणी निघाली.

"लवू, मी हंय आसंय रे. बस. खाली बस."

भाऊंना वाटलं, भावाभावांचं मन भरून आलं. त्यांनी सुपारी फोडली, आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मी जानकीचा हात धरून तिला आत नेलं. मला तिथे उभं राहवेना. भाऊंना खडसावावं म्हटलं तर लग्न मोडेल, आणि न खडसावावं तर छातीत नुसती आग. जानकी शांत होती. तिने स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि कप पुसत पुसत म्हणाली, "बाबा छान बोलले ना वहिनी? कुठे अडखळले नाहीत."

"हे काय होतं गं?" मी विचारलं.

"तिकडे लढाई लागली की बाबांना ठाण्यात बोलावून नेतात. तेव्हा हे म्हणायचं असतं. पासष्ट साली म्हणाले, एकाहत्तर साली म्हणाले. एकाहत्तरला मी बोट धरून बरोबर गेले होते. तिकडे ते उर्दूत म्हणतात, ह्या देशाबद्दल. आज मराठीत म्हणताना भावाचं वाक्य गाळायला हवं होतं, विसरले." तिने माझा चेहरा पाहिला आणि गडबडीने म्हणाली, "पण भाऊंना कळलं नाही. चाललं ना?"

मी नुसती मान हलवली.

"वहिनी, एक विचारू? मला ते कधी म्हणावं लागेल? लग्नाच्या आधी, की लढाई लागली की?"

"तुला? तुला कशाला म्हणायला लागेल?" मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. बाहेर भाऊ त्या दोन गृहस्थांना सांगत होते, बघा, कसं स्वतःहून म्हणाले.

"नाही, माझी तयारी आहे," जानकी म्हणाली. "येताना गाडीत बाबांनी दोन-तीनदा म्हणून घेतलंय. ते म्हणाले, लागलं तर असावं. तुम्ही ऐकता का? कुठे चुकलं तर सांगा."

तिने हातातला कप खाली ठेवला. पदर सारखा केला. मागे सरकत सरकत ओट्याशेजारच्या भिंतीपाशी गेली, हात जोडले आणि नजर जमिनीकडे वळवली. "मी जानकी लवू घाडीगावकर," ती म्हणाली. "कोणाच्या दबावाखाली न येता..."

मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. ती दचकली, पण तिने जोडलेले हात सोडले नाहीत. माझ्या तळहाताखाली तिचे ओठ हलत होते. तिने ते सगळं शेवटपर्यंत म्हटलं.