दोनशे तेराव्या पानाची जागा

मी ठाण्याच्या वकिलांच्या वाचनालयातला एक जाडजूड खंड बोलतोय. मला जरा सांभाळून चाळा. दोनशे तेरावं पान आलं की लोक दचकतात.

ठाण्यात तेव्हा कायद्याचं एक मासिक निघायचं. त्याचे एक्क्याऐंशी सालचे अंक एकत्र शिवले, लाल कापडी पाठ लावली आणि मी झालो. पुढे मासिक बंद पडलं, छापखान्यातले जुने गठ्ठे वाळवीने खाल्ले. उरलो मी एकटा.

माझ्यात दोनशे तेराव्या पानापासून मिठागरातल्या कामगारांच्या राहत्या घरांवर एक लेख होता. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाला मालक उठवू शकतो का, यावरचे जुने निकाल लेखकाने कुठल्या कुठल्या दप्तरांतून शोधून मांडले होते. ती दप्तरंही पुढे सडून गेली. मोठमोठे लेखक तळटीपेत माझा खंड आणि पान लिहायचे. मी फुशारून जायचो. कोर्टात ‘असं कुठेतरी वाचलंय’ म्हणून भागत नाही, पुस्तक उघडून दाखवावं लागतं.

वकिलांची एक खोडही मला ठाऊक आहे. आपल्या कामाचं पान सापडलं की ते त्यात चिठ्ठी घालतात. समोरच्याच्या कामाचं सापडलं, तर एखादा ब्लेड काढतो.

राघो तेव्हा नवा वकील होता, एका मिठागराच्या मालकाच्या बाजूने उभा. दुपारच्या सुट्टीत त्याने मला खिडकीशी नेलं, लेख वाचला, घाम पुसला आणि सगळी पानं कापून घेतली. ती त्याने खालच्या चहावाल्याच्या शेगडीत घातली. मी वरून पाहत होतो. समोरच्या वकिलाला लेख मिळाला नाही आणि राघो जिंकला.

बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा आला. सोबत ठमाबाई, त्याची आत्या. आई गेल्यावर कोपरच्या मिठागराकाठच्या घरात तिनेच त्याला वाढवलं होतं. आता त्याच घरातून तिला उठवायला मालकाने दावा लावला होता. राघोने मुंबईपर्यंतची ग्रंथालयं पालथी घातली होती आणि प्रत्येक तळटीप त्याला माझ्याकडेच पाठवत होती.

काय झालंय ते ठाऊक असूनही त्याने मला उघडलं. पानं पुन्हा उगवली असतील असं वाटलं की काय, देव जाणे.

ठमाबाई बाकावर बसून होती. तिने विचारलं, “राघो, या बुकात आपला घर हाय ना रं?”

राघोने शिवणीजवळ उरलेल्या अरुंद पट्टीवरून बोट फिरवलं.

“व्हता, आते.”

घर गेलं. पाठोपाठ ठमाबाईही गेली. राघो मात्र अजून येतो. ब्लेड तिरपं गेल्यामुळे पट्टीवर काही ओळींची पहिली अक्षरं राहिली आहेत. त्यांवरून तो लेख आठवून लिहू पाहतो आणि खोडतो. मला त्याचा राग येतो, कीवही येते. पण मध्येच रिकाम्या बाकाकडे वळून तो हळूच म्हणतो, “थांब आते, गावंल.” तेव्हा मला भीती वाटते.

तळटीपा अजून छापल्या जातात, मला न उघडताच एकमेकांच्या उतरवलेल्या. त्या वाचून तुम्ही आलात तर माझ्यावर रागावू नका. आणि एवढं करा, त्या बाकावर बसू नका. तिथे ठमाबाई अजून थांबली आहे.