जिभेनं धरून ठेवलेला दात

मी आवडीचा दात बोलतोय. खालच्या ओळीतला, अगदी पुढचा, दुधाचा. तांदळाच्या दाण्याएवढा जीव माझा, पण तिच्या तोंडात सगळ्यांआधी मीच आलो. मी हिरडीतून डोकं वर काढलं तेव्हा तिच्या मायनं, साळूबाईनं, मला चमचा लावून बघितला. टक् असा आवाज आला. "वाजला गं बाई, वाजला!" करत ती मुकुंदवाडीत चार घरं सांगून आली.

साडेपाच वर्षं मी नेटानं काम केलं. भाकरीचा पापुद्रा तोडला, बोरं फोडली, एकदा थोरल्या भावाच्या दंडालाही चावलो. आणि एक दिवस उसाचं कांडं सोलताना माझं बूड हललं. खालून कुणीतरी मला वर ढकलत होतं. त्या घडीपासून मला चैन नाही. बसावं तर बसवत नाही, पडावं तर पडवत नाही.

दात हलायला लागला की लेकरं गावभर दाखवत हिंडतात. आवडीनं मात्र कुणाला म्हणून सांगितलं नाही. त्याला कारण घडलं होतं.

आवडीचे वडील बद्रीनाथ एस.टी.त कंडक्टर. गंगापूरच्या गाडीवर त्यांची ड्युटी. आठच दिवसांपूर्वी त्यांनी शहागंजात जाऊन दाढ काढून घेतली होती. घरी आले ते तोंडात लाल झालेला कापसाचा बोळा घेऊन. गाल एवढा सुजलेला. ज्यांच्या एका आवाजानं पायरीवर लोंबकळणारी माणसं आत सरायची, ते दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होते. आवडी दाराच्या चौकटीला धरून सगळं बघत होती.

म्हणून मी हललो तसं तिनं मनात पक्कं केलं, आता आपली पाळी. तिनं मला आतून जिभेनं दाबून धरलं. शाळेत गुरुजींनी पाढे म्हणायला उठवलं तर नुसती मान हलवली. हसणं बंद. भाकरी दुधात पार विरघळल्याशिवाय घास नाही. साळूबाईला वाटलं, पोरीला नजर लागली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला. माझ्या मागं नव्या दाताचं टोक दिसायला लागलं होतं. मी जागा दिली नाही तर तो वाकडा येणार, आणि झोपेत निसटलो तर पोटात जाणार!

बद्रीनाथांच्या सुट्टीचा दिवस आला. बापलेक शेजारी जेवायला बसले. दाढ काढल्यापासून ते सगळं डाव्या बाजूनं चावायचे. घास फिरवता फिरवता त्यांचं लक्ष लेकीकडं गेलं. तीही डावीकडंच चावत होती, तशीच हळू, तसेच डोळे बारीक करून.

त्यांचा हात ताटातच थांबला. "आवडे, तोंड उघड."

तिनं ओठ घट्ट मिटले. डोळे भरून आले.

"दात हलतोय का गं, माय?"

"तुमच्यावानी रगत येईल," ती ओठांच्या फटीतून म्हणाली. "मी नाय काढणार."

बद्रीनाथ तिच्याकडं सरकले. मग चुलीकडं एक नजर टाकून हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मी त्या डॉक्टरच्या खुर्चीवरून दोनदा पळालो. त्यानं चिमटा हातात घेतला की मी सायकलवर टांग मारून थेट घरी."

"दोनदा?" चुलीपाशी साळूबाई ताडकन वळली. "आन् मला म्हणले, डॉक्टर गावाला गेलाय!"

आवडी खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड उघडलं, मला वारा लागला आणि मी बाहेरच्या बाजूला कलंडलो. बद्रीनाथांनी मला बघितलं. पण हात लावला नाही. आधी स्वतःचा जबडा उघडून दाढेची रिकामी जागा तिला दाखवली. तिनं भीत भीत आत बोट घातलं.

"दुखतंय?"

"तवा लई दुखलं. आता नाय. तुझा तर दुधाचा हाय, त्याला मूळच राहिलं नाय. तू सांगशील तवा थांबीन."

त्यांनी धुतलेलं फडकं बोटाला गुंडाळलं. त्यावर आवडीनं स्वतःचं बोट ठेवलं.

"आप्पा, तुमचा हात हलतोय."

"दातच हलतोय गं."

खरं सांगतो, हातच हलत होता.

मी निघालो. रक्ताचा एक ठिपका, बस्स. तळहातावर मला बघून आवडी आधी हरखली, आणि लगेच तिनं भोकाड पसरलं. "परत बसवा त्याला!"

"बसत नसतो गं माय." ते पार गोंधळले. "जीभ लाव बरं तिथं. काय लागतंय?"

ती चाचपत राहिली. "खरखरीत हाय कायतरी."

"तो नवा."

मग रडू ओसरलं.

साळूबाई म्हणाली, पत्र्यावर टाका. बद्रीनाथांनी मला शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दोन दिवस विसरल्यासारखं केलं. मी खाकी खिशातून गंगापूर बघून आलो. गाडीत त्यांनी मला एका म्हाताऱ्या बाईला दाखवलं. "चार लेकरांचे दात पडले, मावशी, मी आपला गाडीवर. शेंडेफळाचा हा तेवढा घावला."

शेवटी आवडीनंच ओरडून मला पत्र्यावर टाकायला लावलं. तेव्हापासून मी इथं आहे. जवळच्या रुळावरून आगगाडी गेली की पत्रा थरथरतो आणि मी या पन्हाळीतून त्या पन्हाळीत घरंगळतो.

परवा खालून गडबड ऐकू आली. आवडीचा दुसरा दात हलत होता. बद्रीनाथ ड्युटीवरून आले, सायकल भिंतीला टेकवली, घाईनं हात धुतले. "आवडे, ये बघू!"

"काढला की मी! शाळेतच. माझा मीच!" तिनं हात उचलला आणि दात माझ्या शेजारी येऊन पडला. पोरगी तशीच खेळायला पळाली.

बद्रीनाथ अंगणात ओले हात घेऊन उभे राहिले. पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

वारा सुटला की मी इथून कुठं जाईन, सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी गंगापूरच्या गाडीत बसलं, तर त्या कंडक्टरला माझा निरोप द्या. म्हणावं, बद्रीनाथ, अजून अठरा दुधाचे दात आवडीच्या तोंडात आहेत. पुढचे ती स्वतःच काढेल. पण मागच्या दाढा हलतील तेव्हा ती भिणार, आणि तुम्हालाच हाक मारणार. साडेपाच वर्षं मी त्या तोंडात काढलीत, मला माहीत आहे.