टेकाडाखालची वस्ती

परमुआतने काठीने मातीत वाकडी रेघ ओढली. "ही नदी," तो म्हणाला. शेणाचा सुका गोळा ठेवला, तो आमचा वाडा. मग पश्चिमेला मातीचा ढीग केला, ते टेकाड, आणि त्याच्या पायथ्याशी मूठभर खडे मांडले. "आणि हे तंबू."

मी दूध ठेवायच्या सुक्या, पोकळ भोपळ्याला धुरी देत होते. माझा हात थांबला.

परमुआत माझा धाकटा दीर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाडीवर बसून पाहुण्यांना सिंह दाखवत हिंडला. घरी यायचा तो सुटीपुरता. आता पहिल्यांदाच स्वतःची सफारी आखत होता आणि आनंदाने त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

सासूबाई दारात मणी ओवत बसल्या होत्या. "गवतात झोपायला पैसे देतात म्हणे! तुझा बाप जन्मभर फुकटच झोपला की रे."

"आई, त्यांना गाद्या असतात."

"मग तरस आलं की गादीखाली शिरणार?"

"तरसं बघायलाच तर येतायत! टेकाडाखाली बिळं आहेत. सकाळी तंबूच्या दारात चहा घेता घेता पिल्लं दिसतील. अशी जागा आजूबाजूला कुणाकडेच नाही."

सासूबाईंचं हसू मावळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून ओवलेलेच मणी पुन्हा सारखे करत राहिल्या.

त्या टेकाडाखाली माझी मुलगी आहे.

दुष्काळाच्या साली ती तापाने गेली. तेव्हा आमच्यात खड्डा खणत नसत. ओठांना लोणी लावलं, मुठीत हिरवं गवत दिलं, कुशीवर निजवलं आणि मागे न बघता परत आलो. रात्री तरसांनी तिला नेलं. लवकर नेलं, हे चांगलं लक्षण, असं बायका म्हणाल्या. मीही मान हलवली.

गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. नाव घेणं म्हणजे बोलावणं. नावच काय, आडून विषयही काढत नाही. परमुआत तेव्हा लांबच्या शाळेत होता. सुटीला आला तेव्हा ती घरात नव्हती. त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. म्हणून ती जागा त्याला मोकळी दिसत होती.

रोज उजाडताना पहिलं दूध मी एंकाईच्या, आमच्या देवाच्या, नावाने चारी दिशांना शिंपडते. लग्न होऊन आले तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. पश्चिमेला शिंपडताना हात किंचित लांब जातो. कधी कधी त्या बाजूला, कुंपणापलीकडे, फाटक्या कानाची एक तरस मादी बसलेली असते. आमच्या शेळीला तिने कधी तोंड लावलं नाही. मी दूध शिंपडते आणि घरात येते.

"तिथे वारा फार," मी परमुआतला म्हणाले.

"तंबूंना दोर असतात, वहिनी."

"पाणी लांब आहे."

"गाडी आणेल की. तू नुसती चुलीचे दगड मांडायला चल. तुझ्या हातचा चहा प्यायले की परत जायचं नाव काढणार नाहीत." मग माझ्या तोंडाकडे बघून तो हसला. "काय गं, तिथल्या तरसांशी तुझं वैर आहे का?"

"वैर नाही," मी म्हणाले. पुढचं तोंडातून निघेना. न बोलावं तर चूल तिथेच पेटणार. लोक खुर्च्या टाकून, हसत, माझ्या लेकीला नेणाऱ्यांची पिल्लं बघणार. बोलावं तर नेम मोडतो.

ऊन उतरलं. धुळीतून गुरं परत आली. सर्वांच्या मागे, नेहमीसारखी, म्हातारी तांबडी गाय. परमुआत खुशीत होता. हात उंच करून त्याने तिला हाक मारली, जुन्या नावाने. वासरू असताना ती आम्ही मुलीला दिली होती आणि मुलीचंच नाव तिला ठेवलं होतं. त्या साली ते बदललं; खुशीच्या भरात तो ते विसरला.

गायीने मान वळवली नाही.

टेकाडाकडून तरसाची लांब ओरड आली. खालून वर चढत जाणारी, कुणी घरातून 'काय?' म्हणून विचारावं तशी.

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. मांडीवरचे मणी मातीत सांडले.

"ते नाव गायीचं राहिलं नाही रे," मी हळू म्हणाले. "जिचं होतं तिने ओ दिली."

परमुआत माझ्याकडे बघत राहिला. मग टेकाडाकडे. मग पायाशी मांडलेल्या खड्यांकडे. त्याचा हात हवेत होता तो सावकाश खाली आला.

"तिथे?" त्याने विचारलं.

मी धुरीची काठी भोपळ्यात फिरवत राहिले.

त्याने वाकून खडे एकेक उचलले आणि नदीच्या रेघेपलीकडे ठेवले. तिथे डास आहेत, तिथून बिळं दिसत नाहीत, हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"पाहुणे विचारतील. त्यांना काय सांगू?"

"सांग, तिथे वस्ती आहे."

"वस्ती," तो म्हणाला. हसला नाही.

उजाडताना मी दूध घेऊन बाहेर आले तर परमुआत अंगणात उकिडवा बसला होता. कुंपणाचे काटे जिथल्या तिथे होते. पण पश्चिमेकडून तरसाची पावलं आत आलेली. शेळ्यांच्या खोपटावरून सरळ गेलेली. मातीतल्या टेकाडापाशी, जिथे आधी खडे होते, तिथे माती चेपलेली होती, कुणी अंगाची मुटकुळी करून निजून गेल्यासारखी.

"शेळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या आहेत."

पावलं पुसायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. गवताची हिरवी काडी उपटून त्या चेपल्या जागी ठेवली. मग उठून, मागे न बघता, गाडीकडे गेला. नदीपलीकडची जागा साफ करायची होती.

मी पूर्वेला दूध शिंपडलं. उत्तरेला, दक्षिणेला. पश्चिमेला वळले तेव्हा कुंपणापलीकडे कुणी नव्हतं. उरलेलं दूध मी शिंपडलं नाही. वाकून तिथेच, काडीपाशी ओतलं.