माझ्या पाठीमागे कोण होतं?

मी एक जुना वेबकॅम आहे. संगणकाच्या पडद्यावर चिमट्याने बसवतात ना, तोच. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. त्यात माझा दोष किती आणि माझ्या घडणीचा किती, ते तुम्हीच ठरवा. मला बनवणाऱ्यांनी एकच डोळा दिला, तोही पुढे. पाठीमागचं मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

माझी उमेदीची वर्षं एका कार्यालयाच्या दारावर गेली. कोण कधी आलं, कोण वेळेआधी सटकलं, हे टिपायचं माझं काम. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," असं तिथले साहेब म्हणायचे आणि मी फुगून जायचो. मग नवा चकचकीत कॅमेरा आला आणि मी तुटक्या तारेसकट भंगाराच्या खोक्यात पडलो. ते खोकं फिरत फिरत पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात पोचलं. तिथे पावत्या लिहिणाऱ्या मुलीने मला उचललं, माझी तार डाग देऊन जोडली आणि घरी नेलं. तिने मला दुसरा जन्म दिला आणि मी पहिल्या दिवसापासून तिच्यावरच संशय घेतला. आज हे सांगताना मला लाज वाटते.

मुलगी विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत होती. "प्रमाणपत्र आण, दुरुस्तीच्या टेबलावर बसवतो. तोवर पावत्याच," असं मालकांनी सांगितलं होतं. त्या टेबलावर तिचा जीव अडकला होता.

घर म्हणजे एकच खोली. माझ्यासमोर मुलगी, तिच्यामागे भिंत आणि एक खुंटी. माझ्या पाठीमागे तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. सहा वाजता वर्ग सुरू झाला की इस्त्रीचा आवाज थांबायचा. आई बाहेर जात असेल, असं मी धरून चाललो होतो. पण मग पाठीमागे कागद सळसळायचा तो कसा? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मुलगी हुशार होती, यात वाद नाही. बाकीचे विद्यार्थी "सर, आवाज येत नाही" असं दहादा लिहीत बसायचे. ही शंका पूर्ण वाक्यात लिहायची, जोडणीचं चित्र काढून त्याचा फोटो पाठवायची आणि बोलून झालं की माइक बंद करायची. सर सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायचे. पण तिच्या शंका दोन तऱ्हेच्या असत. एक पुस्तकातली, तर दुसरी भलतीच, जशी "इस्त्रीची वायर मुठीजवळच का तुटते?" एकदा सरांनीही विचारलं, "हे प्रश्न तुमचेच ना?"

"हो सर," ती म्हणाली आणि तिची नजर माझ्या मागे गेली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ही कुणाच्या तरी जिवावर शिकते आहे, असा मी मनाशी निकाल लावून टाकला.

परीक्षेचा दिवस आला. नियम साधा होता. कॅमेरा आणि माइक चालू हवेत, खोलीत दुसरं कुणी नको. परीक्षक बाईंनी प्रश्न वाचायचे आणि उमेदवाराने उत्तर कागदावर लिहायचं. पहिल्या प्रश्नालाच मुलीची नजर माझ्या मागे गेली. तिसऱ्याला पुन्हा गेली. बाईंनी ताकीद दिली. सातव्याला त्या थांबल्या.

"कॅमेरा उचला आणि खोली फिरवून दाखवा."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. सापडली, मी म्हटलं! तिने मला उचललं आणि वळवलं.

इस्त्रीचं टेबल, घडी घातलेल्या शर्टांची चळत आणि स्टुलावर तिची आई. मांडीवर वही होती. आई ती पटकन टेबलावरच्या चादरीखाली सारायला गेली, पण उशीर झाला होता.

"या कोण?"

"आई माझी."

"वहीत काय आहे? उत्तरं?"

आई उभी राहिली. "उत्तरंच आहेत बाई. पण माझी आहेत. वर्षभर मागे बसून ऐकते मी. शाळा लवकर सुटली माझी. हिला कधी एक अक्षर सांगितलेलं नाही."

"आणि मी बघत होते ते फक्त तिचं लिहून होतंय का म्हणून," मुलगी म्हणाली.

बाईंनी मुलीचा कागद आणि आईची वही माझ्यापुढे धरायला लावली. सातांपैकी चार उत्तरं जुळत नव्हती. पाचवा प्रश्न होता, इस्त्री तापतच जाते, बंद होत नाही, तर बिघाड कुठे? मुलीने लिहिलं होतं, कॉइल खराब. आईने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, थर्मोस्टॅटच्या पट्ट्या चिकटल्या.

"नक्कल नाही, हे मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण नियम मोडलाय. आजची परीक्षा रद्द. घरात एकच खोली आहे, आई इथेच असते, असं दोन ओळींत आधी कळवायला काय झालं होतं? मी सोय केली असती."

मुलगी रडायला लागली. वर्षभर प्रत्येक शंका नीट लिहून विचारणाऱ्या पोरीने नेमकी हीच गोष्ट लिहिली नव्हती. आईच्या शिकण्याला लोक हसतील, या भीतीने दोघींनी ती लपवली होती. दुरुस्तीचं टेबल तीन महिने लांबलं.

तेवढ्यात आईने चाचरत विचारलं, "बाई, माझ्या पाचव्याला किती?"

बाईंनी वही पुन्हा माझ्यापुढे धरायला लावली. "दोन."

"किती पैकी?"

"दोनपैकीच."

मित्रांनो, मी आयुष्यभर डोळा उघडा ठेवला आणि अर्धी खोली पाहून पूर्ण निकाल दिला. तुम्ही तसं करू नका. शंका आली तर विचारा. आणि पडद्यावरून शिकत असाल, तर समोरच्याला न दिसणारं असेल ते आपण होऊन, वेळेवर, स्पष्ट लिहून कळवा. न सांगितलेली साधी गोष्टसुद्धा लांबून चोरीसारखी दिसते. आणि आमच्या काचेवरून अधूनमधून मऊ फडकं फिरवा, तेवढीच आमची अपेक्षा.

काल मुलगी मोठ्याने वाचत पुढच्या परीक्षेचा अर्ज भरत होती. "खोलीत आणखी कोण असेल?" या रकान्यात तिने "आई" असं लिहिलं.

आईने स्टूल ओढून तिच्या शेजारी, माझ्यासमोर घेतलं. "खोड ते," ती म्हणाली. "उमेदवार लिही. आणि दुसरा अर्ज काढ."