लखलखीत जाळरेषा
ब्लोअर आल्यापासून आमची टोळी जाम खूश होती. झाडूने पाचोळा ओढताना कंबरडं मोडायचं. आता पाठीवर मशीन, हातात नळी आणि पाचोळा फुर्र! अभयारण्याची जाळरेषा, म्हणजे वणवा अडावा म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, बघता बघता लखलखीत झाली. साहेब म्हणाले, "अरे, इथे तर जेवायला बसावं!"

झाडूच्या काळात पाचोळा बाहेरच्या बाजूलाच ओढायचा आणि लगेच जाळायचा, असा नेम होता. मशीनला कुठला आलाय नेम! वारा फिरेल तसा पाचोळा दोन्हीकडे उडाला आणि कडेला कमरेएवढे ढीग लागले. जाळावेत, तर मेला वारा थांबेना. साहेबांनी काडी ओढायला बंदी केली, आणि बरोबरच केली. रेषा तर साफ आहे ना, असं आम्ही सगळेच म्हणालो.

माझी थोरली बहीण टेहळणीच्या मनोऱ्यावर असते. गुडघे कुरकुरतात, पण बाई हटायला तयार नाही. "जंगलावर नजर ठेवायला गुडघे कशाला लागतात गं?" म्हणते. मनोऱ्याभोवती सगळा उघडा कातळ. तिथून आमच्या चौकीपर्यंत सरळ जाळरेषा.

दुपारी वायरलेस खरखरला.

"अगं, पश्चिमेला धूर आहे. चांगला जाड. उतरू का?"

"उतर ताई, रेषेने ये. एकदम चकाचक आहे."

"बघते तुझी चकाचक," ती हसली.

आम्ही पाण्याचे पंप पाठीवर चढवून बाहेर आलो, तर वाऱ्याचा गरम झोत तोंडावर. धूर आडवा झाला होता. लांबवर ताई दिसली, काठी टेकत येणारी. तिच्या नि आमच्या मध्ये, बाहेरच्या ढिगावर ठिणगी पडली आणि ढीग पेटत सुटला. वाऱ्याने ज्वाळा रेषेवरून पलीकडच्या ढिगावर नेली. दोन्ही कडा पेटल्या, मधली वाट तेवढी साफ.

"ताई, मागे फिर! कातळावर जा!" मी वायरलेसवर किंचाळले. ती येतच राहिली. चालताना ती आवाज बारीक करते, खरखरीने डोकं उठतं म्हणते.

मी दोन्ही हात उंच करून जिवाच्या आकांताने हलवले. मागे जा, मागे जा गं!

तिनेही काठी उंचावली आणि भराभर पावलं उचलली, माझ्याकडे.